चाळीस फुटांवरून

अल्वा, ओक्लाहोमा
९ मार्च १९९७

ट्वायला,

फोनवर बोलायला गेलं की आपण दोघी पाऊस आणि तुझ्या डेल्बर्टचा गुडघा यांच्यापलीकडे जात नाही. म्हणून लिहितेय. सख्ख्या बहिणी आहोत, आणि गेल्या उन्हाळ्यापासून एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागतोय. माझंही तेच आहे, मी काही तुला दोष देत नाही.

गुरुवारी दुपारी विद्यापीठातून फोन आला होता. तिथल्या सॉफ्टबॉल संघाच्या धाकट्या प्रशिक्षक बाई. शरद ऋतूत त्यांनी आमच्या केंड्राला पिच करताना पाहिलं म्हणे. जूनमध्ये कॉलेजच्या मैदानावर पाच दिवसांचं शिबिर आहे, मुलींनी तिथल्याच वसतिगृहात राहायचं, राज्यातल्या निवडक पोरी येणार. बाई गोड बोलत होत्या. मी म्हटलं, "शेगडीवर भाजी लागतेय," आणि फोन ठेवला. शेगडीवर काहीच नव्हतं.

रॉइसला सांगितलं तर तो म्हणाला, "मला काय विचारतेस? चेंडू पोरगी टाकते. तिला विचार." केंड्राला विचारलं. ती दुधातले मक्याचे पोहे खात होती. मान वर न करता म्हणाली, "मला जायचंय." बस.

ट्वायला, मला अजून तो आवाज ऐकू येतो. बॅटचा नाही. त्यानंतरचा. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. तुझ्या टॉशाने चेंडू मारला, खेळात मारतातच. तिचा काही दोष नव्हता, हे मी इस्पितळातही म्हटलं, आजही म्हणते. पण चाळीस फुटांवरून आलेला चेंडू माझ्या पोरीच्या गालावर बसला आणि ती मातीत कोसळली, हे मी पाहिलंय. सप्टेंबरअखेर ती परत खेळायला लागली. मी सामन्याला जाते, पण ती पिच करायला उभी राहिली की सरबताच्या टपरीमागे जाऊन थांबते. लोकांना वाटतं, लव्हॉनला फार तहान लागते.

डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय. पण मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथेच पुन्हा लागलं, तर डोळ्याचं मी काही सांगू शकत नाही." आणि त्या शिबिरातल्या पोरी म्हणजे काय, आपल्या पोरींपेक्षा डोकंभर उंच, दंड माझ्या मांडीएवढे.

टॉशालाही बोलावलं असेलच. तुम्ही काय ठरवलंत? खरं खरं सांग. मला धीर देऊ नकोस, खरं सांग.

तुझी
लव्हॉन


आयडाबेल
१७ मार्च

लव्हॉन,

पाठव की. एवढं काय त्यात?

तू लहानपणापासून अशीच. आम्ही सगळी पोरं नदीत उडी मारून, पलीकडे जाऊन, परत येऊन अंग पुसत असायचो, आणि तू आपली काठावर बसून पायाचा अंगठा बुडवून बघायचीस. तुझं लग्नसुद्धा रॉइसने तीनदा विचारलं म्हणून झालं, नाहीतर अजून विचारच करत बसली असतीस.

टॉशालाही बोलावलंय. तिचं तर विचारूच नकोस. रोज संध्याकाळी डेल्बर्ट तिला चेंडू टाकतो आणि ही कुंपणाबाहेर मारते. शेजारचा म्हातारा मर्ल परवा म्हणाला, "माझ्या कोंबड्यांचा विमा उतरवा आता." शिबिराच्या नुसत्या नावाने नाचतेय. नवे बूट मागितलेत. त्यामुळे तिची काळजी तू करू नकोस, ती मजेत आहे.

डॉक्टरांचं काय, त्यांना विचारलं तर ते जिना उतरायलासुद्धा नको म्हणतील. केंड्रा गुणी पोर आहे. तिचा हात असा आहे की दोन गावांत नाही. तिला घरात कोंडून ठेवशील तर ती काय, तुझ्यासोबत लोणची घालत बसणार आहे?

इकडे पाऊस चांगला झाला. डेल्बर्टचा गुडघा तसाच. माझ्या सलूनमध्ये माणसं बरी येतायत, सगळ्यांना ईस्टरच्या आधी केस कापून हवेत.

केंड्रा कधी टॉशाचं नाव काढते का? सहज विचारलं.

ट्वायला


अल्वा
३० मार्च, ईस्टर

ट्वायला,

सगळे जेवून पडलेत. मी भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय, म्हणजे बघ मला किती राग आलाय.

मी तुला खरं सांग म्हटलं होतं. तू मला नदी आणि कोंबड्या सांगितल्यास. तुझी पोर कुंपणाबाहेर मारते, ऐकून आनंद झाला. माझ्या पोरीच्या गालात धातूची पट्टी आहे. उत्तरेचा वारा सुटला की ती तिथे दुखते, आणि केंड्रा हाताचा तळवा गालावर धरून गणितं सोडवते. दुखतंय का विचारलं तर म्हणते, नाही. तू हे रोज बघत नाहीस. तुला नवे बूट घ्यायचेत.

मी काठावर बसणारी आहे, कबूल. कुणीतरी काठावर बसलेलं असावं लागतं.

मी केंड्राला नाही म्हणून सांगितलं. शिबिर नाही, या वर्षी नाही. वाटलं होतं ती भांडेल, दार आपटेल. मी भांडायला तयार होऊन बसले होते, सगळी उत्तरं जुळवून. ती म्हणाली, "बरं." आणि कोठारात गेली. तिथे भिंतीवर खडूने चौकोन काढलाय, त्यात ती चेंडू टाकते. धप, धप, धप. जेवायची हाक मारेपर्यंत.

आज जेवताना रॉइसचा भाऊ म्हणाला, "काय गं केंड्रा, कॉलेजवाल्यांनी बोलावलं म्हणे." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "उन्हाळ्यात कापणी असते ना, काका. वेळ नाही." माझ्या वतीने खोटं बोलली. मला वाटलं होतं बरं वाटेल. मला त्या 'बरं'चीच भीती वाटायला लागलीय.

टॉशाला शुभेच्छा सांग. आणि नाही, केंड्रा तिचं नाव काढत नाही.

लव्हॉन


आयडाबेल
२ मे

लव्हॉन,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा फाडलं.

मर्लच्या कोंबड्या सुखरूप आहेत. त्याच्या अंगणात आमचा एकही चेंडू गेलेला नाही. टॉशाने गेल्या उन्हाळ्यापासून बॅट फिरवलेलीच नाही.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. शरद ऋतूतल्या सामन्यांत ती जाऊन उभी राहायची, चेंडू जाऊ द्यायची. कधी चार वाईट चेंडू मिळून फुकट बेस मिळायचा, कधी उभ्या उभ्या बाद. प्रशिक्षकाला सांगितलं, खांदा दुखतो. खांद्याला मी तेल चोळायचे. मग एकदा डेल्बर्टने अंगणात तिला अगदी हळू चेंडू टाकला, लहान पोराला टाकतात तसा, आणि म्हणाला, "मार बेटा, कुणी नाहीये समोर." ती बॅट घेऊन तशीच उभी. तिच्या पायावरून पाणी ओघळत होतं, लव्हॉन. पंधरा वर्षांची पोर. डेल्बर्टने आपला सदरा काढून तिच्या कमरेला बांधला आणि आत घेऊन आला. त्या दिवसापासून तो तिला खेळाबद्दल काही विचारत नाही, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलेय की ती कुंपणाबाहेर मारते. सलूनमध्येसुद्धा. सांगितलं की तेवढ्यापुरतं खरं वाटतं.

तिला बोलावलंय ते तिच्या जुन्या लौकिकावर. त्यांनी तिला मागच्या वर्षी पाहिलं होतं, त्या सामन्याच्या आधी.

आता जे लिहिते ते तुला लागेल, पण तूच खरं मागितलंस. त्या दिवशी मी तिला इस्पितळात घेऊन आले होते. तिने तुमच्या पोरीला भेटायचं म्हणून रडून गोंधळ घातला होता. तू दारात उभी होतीस. मी म्हटलं, टॉशा आलीय. तू म्हणालीस, "आत्ता नको. तिला इथून ने." टॉशा माझ्या मागेच होती. तू तिच्याकडे बघितलंस आणि दार लावलंस. मग बाहेर येऊन मला म्हणालीस की तिचा दोष नाही. ते मला म्हणालीस. तिला नाही. तोवर ती गाडीत जाऊन बसली होती.

माझा तुझ्यावर राग नाही. असेल थोडा. तुझ्या जागी मीही दार लावलं असतं. पण वर्षभरात तू एकदाही विचारलं नाहीस, टॉशा कशी आहे म्हणून. केंड्राला लागलं ते सगळ्या गावाला दिसलं, सगळ्यांनी डबे पाठवले. आमच्याकडे कुणी डबा पाठवत नाही.

ती रात्रंदिवस आतल्या आत काहीतरी चघळत असते. हडकली आहे. मला तिची भीती वाटते, तिच्यासाठी नाही, तिचीच. ती गप्प बसून काय विचार करते याची.

मी तिला म्हटलं, शिबिराला नको जाऊस. ती म्हणाली, "केंड्रा जाणार आहे?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "मग माझी बॅट विकून टाक."

मी तुला तुझा निर्णय बदल म्हणत नाही. तुझ्या पोरीचा डोळा आहे. फक्त तू माझ्याबद्दल, नव्या बुटांबद्दल जे लिहिलंस, ते माझ्या मनातून जात नव्हतं.

ट्वायला


अल्वा
१९ मे

ट्वायला,

मला आठवत नव्हतं. शपथेवर सांगते. मी रॉइसला विचारलं, मी असं म्हणाले होते का? तो ट्रॅक्टरखाली होता, तिथूनच म्हणाला, "म्हणालीस." मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस? तो बाहेर आला, हात पुसले, आणि म्हणाला, "तुला तेव्हा काही सांगण्यात अर्थ नव्हता. नंतर सांगायचं राहिलं."

टॉशाला काय लिहू मला कळत नाही. ती भेटली की तोंडाने सांगेन. तिला एवढंच आत्ता सांग, की मावशी विचारत होती. नाही, ते फार थोडं होतं. राहू दे, मीच सांगेन.

गेल्या मंगळवारी केंड्राला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ईनिडला नेलं. येताना गाडीत मी तिला टॉशाचं सांगितलं. सगळं नाही, बॅट फिरवत नाही एवढंच. ती खिडकीतून बाहेर बघत बसली. मग म्हणाली, "मीपण आत टाकत नाही."

मला कळेना. तिने समजावून सांगितलं. पिचरने चेंडू बॅटरच्या अंगाशी, आतल्या बाजूला टाकला की तो बरेचदा जोरात सरळ परत येतो. त्या दिवशी तिने आतच टाकला होता. तेव्हापासून ती सगळे चेंडू बाहेरच्या बाजूला टाकते, लांब. इकडच्या पोरींना तेवढं पुरतं. "तिथे पुरणार नाही," म्हणाली. "तिथे त्यांना पहिल्या दिवशी कळेल."

मी विचारलं, "मग तुला जायचं कशाला होतं?"

"इथे मला टाकून बघता येत नाही," ती म्हणाली. "इथे तू असतेस."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. म्हटलं, मी तर टपरीमागे असते, मी काही बोलतसुद्धा नाही. ती म्हणाली, "मला माहितीय तू टपरीमागे असतेस. सगळ्या टीमला माहितीय. आई, घरातली सगळी भीती तूच घेऊन बसलीयस. मला घाबरायला जागाच राहत नाही. मी घाबरले असं दाखवलं तर तू मरशील."

एक गव्हाचा ट्रक शेजारून गेला आणि गाडी हलली. मग मीच म्हटलं, जा.

आता ऐक. रॉइसने कॅचरचा जुना मुखवटा घेऊन, त्याचं निम्मं कापून, तिच्या तोंडाला बसेल अशी जाळी जोडलीय. वजनाला हलकी आहे. केंड्राने आरशात बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे बैलाचं मुसकं आहे." मी शिबिरात फोन करून विचारलं, पिचरने तोंडाला जाळी लावली तर चालेल का? पलीकडचा पोरगा हसला. म्हणाला, "मॅडम, असं कुणी लावत नाही. पण नियम काही नाही." मी ती तिच्या पिशवीत तळाला ठेवणार आहे. घालायची की नाही ते तिने बघावं. मी वचन दिलंय की बोलणार नाही.

मला येता येणार नाही. शिबिर नेमकं कापणीत आलंय, गव्हाचा ट्रक मलाच चालवायचा असतो, आणि खरं सांगायचं तर मी आलेलं केंड्राला नकोय. टॉशा येणार असेल तर तू जा. तिथे राहा. दोघींकडे बघ. मला लिही, फोन करू नकोस. दिवसभर घरी कुणी नसतं, आणि फोन वाजला की मला वाईटच सुचतं. काही झालं तरच फोन कर. म्हणजे तो वाजला नाही तर मी समजेन.

लव्हॉन


शिबिरातून
१२ जून, गुरुवार

लव्हॉन,

फोन केला नाही, ते तुला कळलंच असेल. तरी आधीच लिहिते, दोघी धडधाकट आहेत. आता पुढचं वाच.

पहिले दोन दिवस दोघी एकमेकींपासून लांबच. वेगवेगळ्या खोल्या, वेगवेगळे गट. जेवणाच्या रांगेत मागे पुढे आल्या तर "हाय" म्हणायच्या आणि ताटात बघायच्या. केंड्रा सगळं बाहेर टाकत होती. मोठ्या प्रशिक्षक बाई, आवाज घोगरा, उन्हाने नाक सोललेलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. म्हणाल्या, "अल्वा, बॅटरसमोरची होम प्लेट म्हणजे घर. तुझ्याकडे निम्मंच घर आहे का? उरलेलं निम्मं कुणाला भाड्याने दिलंय?" पोरी हसल्या. केंड्राही हसली, पण मला दिसत होतं. जाळी पिशवीतच होती. तुला सांगते, या पोरी मारतात तेव्हा मी कठड्याला धरून बसते. चेंडू दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

काल दुपारी सामना लावला. केंड्रा पिच करत होती आणि समोर टॉशा आली. मुद्दाम नाही, नंबर तसा आला. मला उठून जावंसं वाटलं. तू टपरीमागे का जातेस ते मला काल कळलं.

टॉशा बॅट खांद्यावर घेऊन उभी. एक चेंडू गेला, दुसरा गेला. घोगऱ्या बाई म्हणाल्या, "आयडाबेल, नुसतं उभंच राहायचं असेल तर सावलीत उभी राहा. उन्हात कशाला त्रास." कुणी हसलं नाही. टॉशाचे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा केंड्रा आपली जागा सोडून सरळ तिच्याकडे चालत आली. काय बोलल्या ते मला टॉशाने नंतर सांगितलं.

केंड्रा म्हणाली, "मी आत टाकणार आहे. तू फिरव."

टॉशा म्हणाली, "मला जमणार नाही."

"मलापण जमत नाहीये. टाकतेय तरी."

टॉशा म्हणाली, "काकांनी जाळी केलीय ना? आईने सांगितलं मला. ती घाल, मग फिरवते."

"सगळ्या हसतील, टॉशा. ते मुसकं आहे."

"मग हसू देत. तू घाल. नाहीतर मी घरी जाते, आत्ता."

केंड्राने तिच्याकडे बघितलं, मग जाऊन पिशवी सगळी उलटी केली आणि ती जाळी चढवली. हसल्या. हसणारच. एक जण भुंकली. घोगऱ्या बाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती गप्प झाली.

मग केंड्राने आत टाकला. टॉशाने बॅट फिरवली, डोळे मिटून, हवेत. बाद झाली. बाई म्हणाल्या, "चला, वारा तरी आला." टॉशा परत येऊन बाकावर बसली. पण तिने फिरवली, लव्हॉन. माझ्या डोळ्यांदेखत.

तासाभराने तिचा नंबर परत आला. आता नीट वाच, तुझं लेकरू जेवून माझ्या शेजारी बसलंय. केंड्राने पुन्हा आत टाकला आणि टॉशाला तो लागला. पूर्ण. मी तिच्या बॅटचा तो आवाज वर्षभर ऐकला नव्हता. चेंडू सरळ परत गेला, केंड्राच्या तोंडाच्या रोखाने. मी डोळे मिटले. मला शरम नाही सांगायला. मी मिटले आणि वाट बघत राहिले, दुसऱ्या आवाजाची.

तो आला नाही. उघडले तर केंड्रा मातीत आडवी होती आणि टॉशा बॅट टाकून तिच्याकडे धावत सुटली होती. पळायचं होतं त्या पहिल्या बेसकडे नाही, पिचरकडे. आणि केंड्रा जमिनीवरूनच, जाळीतून, हात करून ओरडत होती, "तिकडे पळ, गाढवे, तिकडे. माझ्याकडे काय येतेस? पळ ना." ती वेळेवर खाली पडली होती. चेंडू तिच्या डोक्यावरून, जिथे तिचं डोकं असतं तिथून, मैदानात गेला. टॉशा मधेच थांबली, वळली, धावली, आणि बाद झाली. बाईंनी टोपी तोंडावर धरली. सगळं मैदान हसत होतं, आणि या दोघींचं तिकडे लक्षच नव्हतं.

आता तुला खरं सांगायचं कबूल केलंय म्हणून तेही लिहिते. तो डाव संपल्यावर केंड्रा शेडच्या मागे जाऊन ओकली. टॉशाने तिच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला. मी जवळ गेले तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत येऊन बसले. मग केंड्रा तोंड धुऊन पुढचा डाव टाकायला गेली. तिने पुन्हा आत टाकला. तीन वेळा टाकला, मी मोजलं.

रात्री दोघींनी खोल्या बदलून घेतल्या.

मला आनंद झालाय की नाही मला कळत नाहीये. तो चेंडू गेला ती जागा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुला हे वाचून काय होईल ते मला ठाऊक आहे. पण तू काठावर बसणारी आहेस आणि मी डोळे मिटणारी, एवढं मला कळलंय.

ट्वायला


अल्वा
२९ जून

ट्वायला,

तुझं पत्र शेताच्या फाटकाशी मिळालं, ट्रकमध्ये बसून वाचलं. "चेंडू सरळ परत गेला" इथे पान संपत होतं. पान उलटायला मला वेळ लागला. मागे कापणीयंत्रावरून रॉइस हॉर्न वाजवत होता, गहू सांडत होता, मला काही ऐकू येत नव्हतं.

कापणी संपली. पीक बरं आहे. केंड्रा घरी येऊन दोन आठवडे झाले. आल्या आल्या झोपली, मग उठून खाल्लं, मग पुन्हा झोपली. मी काही विचारलं नाही. तुला माहितीय मला ते किती जड गेलं असेल.

काल घोगऱ्या बाईंचा फोन आला. केंड्राने घेतला. मी पावाचं पीठ मळत होते, पाठ तिच्याकडे. मला वाटलं, आता बोलावतील हिला, पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी, मग कॉलेज, चार वर्षं रोज हेच. आणि केंड्रा म्हणाली, "थँक यू, बाई. पण मी आता पिच करणार नाही. आउटफिल्डला, लांब कुंपणाशी, खेळेन. चालेल तर बोलवा."

मग बाई काहीतरी म्हणाल्या आणि केंड्रा हसली. म्हणाली, "हो, ते निम्मं घर सोडवून आणलं. आता विकतेय."

ट्वायला, मी वर्षभर देवाकडे हेच मागत होते. दर रविवारी, चर्चमध्ये, नाव घेऊन. आणि ते ऐकलं तेव्हा मला वळून तिच्या हातातून फोन हिसकावून घ्यावासा वाटला. सांगावंसं वाटलं, बाई, ती टाकेल, ऐकू नका तिचं, तिच्यासारखा हात दोन गावांत नाही. माझ्या हातांना पीठ होतं म्हणून बरं.

तिने फोन ठेवल्यावर मी विचारलं, "माझ्यामुळे?"

"नाही."

"त्या चेंडूला घाबरून?"

ती टेबलाशी बसली. पिठाचा एक तुकडा तोडून बोटांत फिरवत राहिली. म्हणाली, "घाबरूनही टाकता येतं, ते मला कळलं. टाकला ना मी. पण आई, पोट इतकं दुखतं. रोज इतकं पोट दुखून मिळतं काय? मला ते नकोय. तू नाही म्हणालीस म्हणून सोडलं असतं तर जन्मभर वाटत राहिलं असतं. आता नाही वाटणार." मग पीठ परत ठेवत, "थोडं वाटेल."

रॉइसला सांगितलं तर तो कोठारात जाऊन उभा राहिला, त्या खडूच्या चौकोनासमोर. पुसला नाही. नुसता उभा राहिला आणि परत आला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आउटफिल्डला उभी राहिली तर कुंपणावर आपटेल, उन्हाने चक्कर येईल, हे मला आत्तापासूनच दिसायला लागलंय. माझं काही खरं नाही.

तू रविवारी टॉशाला घेऊन येतेयस ना? चर्चनंतर लगेच निघा, रात्री जेवायला इथेच. तिला म्हणावं, मावशी फाटकापर्यंत येईल. मला तिच्याशी जे बोलायचंय ते सगळ्यांसमोर नाही जमणार, आणि ते तिने दार उघडं असताना ऐकायला हवं.

केंड्राने सांगितलंय, टॉशाने बॅट आणावी. तिची लय परत यायची असेल तर कुणीतरी खरे चेंडू टाकायला हवेत, आणि अंगणात, फक्त तिला, ही टाकणार आहे. आतले. जाळी लावून. मला म्हणाली, "तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघू शकतेस." मी हो म्हटलंय. बघेन की नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही.

लव्हॉन